लक्षणांआधी कर्करोग ओळखणारे डॉ. पापानिकोलाऊ

दोन पाळ्यांच्या मधे किंवा शरीरसंबंधानंतर होणारा रक्तस्राव, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा दिसलेले रक्त, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ओटीपोटात सतत दुखणे ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणे आहेत. संकोचापोटी स्त्रिया ती लपवतात आणि आजार बळावतो. मात्र लक्षणे दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी या रोगाची चाहूल घेता येते, हे जगाला पटवून देण्याचे मोठे श्रेय डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांना जाते.

ग्रीसमधील किमी या गावी १३ मे १८८३ रोजी एका डॉक्टरच्या घरी त्यांचा जन्म झाला. अथेन्स येथे १९०४ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. पण त्यांचा ओढा संशोधनाकडे होता. १९१० मध्ये म्युनिक येथे त्यांनी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट संपादन केली. १९१३ मध्ये पत्नी मेरी यांच्यासह ते न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हते. प्रारंभी त्यांनी दुकानात गालिचे विकले, तर मेरी यांनी बटणे शिवण्याचे काम पत्करले. पुढे कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना संशोधनाची संधी लाभली.

गिनीपिगच्या योनिस्रावाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी ऋतुचक्राचा अभ्यास केला. पुढे तोच अभ्यास स्त्रियांबाबत सुरू झाला. त्यासाठी मेरी यांनी अनेक वर्षे स्वतःचे नमुने दिले. या कामात काही रुग्ण स्त्रियांच्या नमुन्यांत त्यांना कर्करोगाच्या पेशी आढळल्या. १९२८ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष मांडला. परंतु तुकडा काढून तपासण्याची पद्धत उपलब्ध असताना सुट्या पेशी कशाला पाहायच्या, असे म्हणून तज्ज्ञांनी त्याकडे दुर्लक्ष केले. रुमानियातील ऑरेल बाबेश यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे असेच काम केले होते.

दशकभराने स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्या साथीने पापानिकोलाऊ यांनी हे काम पुन्हा नेटाने हाती घेतले. कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांमध्येही रोग सापडू लागला. १९४३ मध्ये दोघांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ‘पॅप चाचणी’ सर्वमान्य होत गेली. १९ फेब्रुवारी १९६२ रोजी मायामी येथे त्यांचे निधन झाले.

या चाचणीने उपचारांचे स्वरूपच पालटले. पूर्वावस्थेत बिघडलेला भाग गोठवून, जाळून किंवा कापून काढता येतो आणि बहुधा गर्भाशय वाचते. कर्करोग झालाच, तर आरंभी शस्त्रक्रिया पुरेशी ठरू शकते. तो पसरल्यावर किरणोपचार व केमोथेरपीचा आधार घ्यावा लागतो. या रोगामागील एचपीव्ही विषाणू नंतर उमगला आणि त्यावरील लसही आली. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात या विषाणूच्या एकाच तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र गर्भाशयाच्या अस्तराचा किंवा बीजकोशाचा कर्करोग पॅप चाचणीत हमखास दिसत नाही. म्हणून चाचणी निर्दोष आली, तरी पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव किंवा सतत फुगणारे पोट अंगावर काढू नये. रोग लवकर ओळखला, तर स्त्रीचे प्राण वाचू शकतात, हेच पापानिकोलाऊ यांच्या आयुष्यभराच्या कष्टांचे सार आहे.