श्रीशंकराच्या नावाने

गेल्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी माझे नाव निघाले, तेव्हा मी घाबरून चार दिवस मागून घेतले आणि थेट वैजनाथाच्या दर्शनाला गेले. परळीच्या या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे आपण भगिनींनी लहानपणापासून ऐकले आहे. त्या दिवशी पायऱ्यांवर बसले असता प्रथमच मनात आले, की त्या बाईंवर कारभार पडला तो कसा?

त्यांचे माहेर चोंडी, आपल्या जिल्ह्याला लागूनच, जामखेड तालुक्यात. १७२५ साली माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी जन्म झाला आणि कोवळ्या वयातच त्या होळकरांच्या सूनबाई झाल्या. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. बाई सती जावयास निघाल्या होत्या. सासरे मल्हाररावांनी काकुळतीने मागे फिरवल्या. जिला जगावयाचेच नव्हते, तिच्याच हाती त्यांनी पुढे हिशेब, वसुली, तोफा-दारूगोळ्याची तजवीजही सोपवली! १७६६ मध्ये मल्हारराव गेले, आणि वर्ष भरते न भरते तोच एकुलता एक मुलगा मालेराव.

दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांना दत्तक मूल गादीवर बसवून सूत्रे आपल्या हाती हवी होती. त्यांच्या सांगण्यावरून राघोबादादा फौजेनिशी चालून आले. बाईंची देवावर भिस्त खरी, परंतु त्या देवघरात बसून राहिल्या नाहीत. इतर सरदारांना मदतीची पत्रे धाडली, माधवराव पेशव्यांना कळवले, स्त्रियांची पलटणही उभी केली असे सांगतात. दादांना आपण सांत्वनास आलो असे म्हणण्याची पाळी आली! पेशव्यांनी कारभार बाईंकडेच ठेवला. फौज तुकोजी होळकरांकडे गेली.

पुढे नर्मदाकाठी महेश्वरी सकाळी शिवपूजा, मग दरबार. हुकमांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव. याला मी नुसता भाविकपणा समजत असे. आता वाटते, देवाचे नाव घालून खोटा निवाडा देणे किती कठीण! काशी, सोमनाथ, घृष्णेश्वर, आपली परळी येथील बांधकामेही खासगीच्या पैशातून झाली.

तथापि देवाने त्यांना सुखात ठेवले म्हणावे, तर तसेही नाही. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि लेक मुक्ताबाई सती जावयास निघाली. सासऱ्यांचे बोलणे या सुनेने ऐकले होते. आईचे बोलणे लेकीने ऐकले नाही. त्यानंतरही चार वर्षे, १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत, कारभार त्यांनी सोडला नाही.

पाचव्या दिवशी मी मंडळात होकार कळवला. पहिली सही हिशेबाच्या वहीवर करावयाची होती. पेन उघडले, आणि पाहते तो बेरजेत साडेतीनशे रुपयांचा फरक. सही तशीच ठेवून आधी पावत्या काढावयास सांगितल्या.