मुखवट्यामागची नादिया

१९३५ साली मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनचा एक चित्रपट तयार होऊन पडला होता आणि तो विकत घ्यायला कोणी वितरक पुढे येत नव्हता. त्याचे कारण त्या काळाच्या मानाने विचित्र म्हणता येणार नाही. चित्रपटाची नायिका सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, चांगली धिप्पाड गोरी बाई होती. अंगात तोकडे कपडे, पायांत उंच बूट, डोळ्यांवर मुखवटा आणि हातात चाबूक अशा थाटात ती घोडा उधळीत येई आणि बाप्यांना उचलून आपटत असे. संतचरित्रे, पुराणकथा आणि सोशिक पतिव्रता यांना सरावलेल्या प्रेक्षकांना हे मानवेल काय, हा वितरकांचा प्रश्न होता. अखेर जे. बी. एच. आणि होमी या वाडिया बंधूंनी आपले भागीदार मंचेरशा बिलिमोरिया यांच्यासह पदरचे पैसे घातले आणि चित्रपट स्वतःच लावला. ‘हंटरवाली’ पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला.

आज ज्यांना ‘सुपरहिरो’ म्हणतात, त्यांच्या कुळाशी या चित्रपटाचे नाते अगदी जवळचे आहे. सुपरमॅन छापील पानावर अवतरला तो १९३८ साली, बॅटमॅन त्याच्यानंतर एका वर्षाने. बॅटमॅनच्या जन्मामागे डग्लस फेअरबँक्सचा १९२० मधील ‘द मार्क ऑफ झोरो’ हा मूकपट होता. दिवसा रिकामटेकडा उमराव आणि रात्री मुखवटा चढवून गांजलेल्यांचा कैवार घेणारा झोरो जे. बी. एच. वाडियांनाही भारून टाकून गेला होता. त्याच कथेवरून त्यांनी १९३१ साली ‘दिलेर डाकू’ काढला होता. म्हणजे न्यूयॉर्कच्या चित्रकथाकारांनी झोरोचा मुखवटा उचलण्याआधीच परळच्या स्टुडिओत तो वापरून झाला होता. पुढे तो एका स्त्रीच्या चेहऱ्यावर चढला. त्या स्त्रीचे मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स.

मेरीचा जन्म ८ जानेवारी १९०८ रोजी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला. वडील ब्रिटिश सैन्यात, आई ग्रीक वंशाची. वडिलांच्या नोकरीमुळे ती लहानपणीच मुंबईला आली. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, वडील मारले गेले. त्यानंतर मायलेकी मुंबईहून पेशावरला गेल्या आणि तेथल्या मोकळ्या माळांवर मेरी घोडेस्वारी, शिकार, मासेमारी आणि नेमबाजी शिकली. ज्या वयात इंग्रज घरांतील मुलींना पियानो आणि भरतकाम शिकवले जाई, त्या वयात ही मुलगी खोगिरावर होती. १९२८ च्या सुमारास ती मुंबईला परतली तेव्हा तिच्यासोबत आई होती आणि एक लहान मुलगाही होता. पोट भरण्यासाठी तिने आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समध्ये विक्रेतीचे काम धरले. बरी नोकरी मिळावी म्हणून लघुलेखन आणि टंकलेखन शिकण्याचाही तिचा विचार होता. तो तडीस गेला असता, तर एखाद्या कचेरीला एक धडधाकट टायपिस्ट मिळाली असती, एवढेच.

वजन कमी करावे म्हणून ती मादाम अ‍ॅस्ट्रोवा या रशियन नृत्यशिक्षिकेकडे जाऊ लागली. पावलांच्या चवड्यांवर तोलून राहण्याचे नाजूक बॅले तिच्या शरीराला फारसे जमणारे नव्हते. कोलांट्या, चक्री उड्या आणि पाय फाकून जमिनीवर बसण्याच्या कसरती मात्र तिने सहज आत्मसात केल्या. अ‍ॅस्ट्रोवांच्या पथकाबरोबर ती लष्करी छावण्यांत, संस्थानिकांच्या दरबारांत आणि लहानसहान गावांत नाचली. १९३० साली काही काळ झारको सर्कशीतही तिने काम केले. याच भटकंतीत एका आर्मेनियन ज्योतिषाने तिला इंग्रजी ‘एन’ अक्षराने सुरू होणारे नाव घ्यायला सांगितले आणि मेरीची नादिया झाली. ज्योतिषावर विश्वास ठेवावा की नाही हा वेगळा भाग, पण भारतातल्या कोणत्याही भाषेत उच्चारायला सोपे आणि कोणत्याही धर्माला परके न वाटणारे हे नाव पुढे फार उपयोगी पडले.

लाहोरमध्ये एका चित्रपटगृहाचे व्यवस्थापक एरूच कांगा यांनी तिला पाहिले आणि तिची शिफारस वाडियांकडे केली. जे. बी. एच. म्हणजे जमशेद वाडिया हे एम.ए., एलएल.बी. झालेले गृहस्थ. सुरतेहून मुंबईला येऊन जहाजबांधणीत नाव काढणाऱ्या लवजी वाडियांच्या घराण्यातले. शिकल्यासवरल्या मुलाने सिनेमाच्या धंद्यात पडणे घरच्यांना पसंत नव्हते, तरीही १९३३ साली त्यांनी धाकटे बंधू होमी यांच्यासह वाडिया मूव्हीटोनची स्थापना केली आणि परळच्या लवजी कॅसल या घराण्याच्या जुन्या वास्तूत स्टुडिओ थाटला. नादिया त्यांच्यापुढे आली तेव्हा त्यांनी तिला ‘नंदा देवी’ हे नाव आणि लांब काळी वेणी सुचवल्याचे सांगतात. तिने दोन्हींना नकार दिला. नाव बदलणे करारात बसत नाही, हा तिचा मुद्दा होता. नोकरीच्या शोधात आलेल्या बाईने मालकाला असे उत्तर द्यावे, यातच तिचा स्वभाव दिसतो. जे. बी. एच. यांनाही तो भावला असावा.

आधी ‘देश दीपक’ मध्ये गुलाम मुलीची छोटी भूमिका आणि मग ‘नूर-ए-यमन’ मध्ये राजकन्या परीजाद, अशी दोन कामे देऊन वाडियांनी प्रेक्षकांचा अंदाज घेतला. प्रेक्षकांनी या गोऱ्या बाईला नाकारले नाही. तेवढ्या भांडवलावर ‘हंटरवाली’ उभा राहिला. दिग्दर्शक होते होमी. कथा तशी साधी. दुष्ट वजीर रणमल राजाला कैदेत टाकतो, राज्यावर आणि राजकन्येवर डोळा ठेवतो. मग राजकन्या माधुरी मुखवटा चढवते आणि बापाच्या सुटकेसाठी व रंजल्यागांजल्यांच्या न्यायासाठी चाबूक हाती घेते. मारामारीला भावनेचे अस्तर होते. मुलगी बापासाठी लढते आहे, ही गोष्ट पिटातल्या प्रेक्षकाला आपली वाटली. त्या मारामारीत खोटेपणा नव्हता, हेही त्याला दिसत होते. घोड्यावरची झेप, छपरावरून उडी, माणसाला खांद्यावर उचलून भिरकावणे हे सारे नादिया स्वतः करीत असे. तिच्या जागी दुसरे कोणी नसे, संगणकाची जादू तर स्वप्नातही नव्हती.

प्रेक्षकांनी या चित्रपटाला दिलेला प्रतिसाद तिकीटखिडकीपुरता राहिला नाही. झुंजीला उतरताना नादिया हात उंचावून जी लांबलचक आरोळी ठोकी, ती पोराटोरांच्या तोंडी गेली. हंटरवालीच्या नावाचे चाबूक, कमरपट्टे, काड्यापेट्या, पत्त्यांचे जोड बाजारात आले आणि त्यासाठी वाडियांची परवानगी कोणी विचारली नाही. चित्रपटाच्या पात्राच्या नावावर वस्तू खपवण्याचे तंत्र हॉलिवूडने पुढे शास्त्र म्हणून विकसित केले, ते मुंबईच्या फेरीवाल्यांनी आपल्या अकलेने तेव्हाच साधले होते. ‘हंटरवाली’ हा शब्द तर मराठी-हिंदी बोलण्यात असा रुळला की, चित्रपट न पाहिलेली माणसेही शिस्तीच्या बाईंना किंवा खमक्या शेजारणीला आजही तेच विशेषण लावतात.

परक्या राज्यात गोरी बाई एतद्देशीय खलांना चाबकाने झोडते आणि एतद्देशीय प्रेक्षक टाळ्या पिटतो, हे चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. जे. बी. एच. स्वतः स्वातंत्र्यवादी होते, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे पुढे ओढले गेलेले. जुलमी राजवट, गांजलेली रयत आणि मुखवट्याआडून लढणारा वीर, या रचनेत प्रेक्षक जुलमाच्या जागी कोणाला पाहील याची त्यांना पुरती कल्पना होती. राजा-वजिराच्या गोष्टीवर सेन्सॉरची कात्री चालणे अवघड होते. नादियाचा रंग त्या लढाईत आड आला नाही, कारण पडद्यावर ती सदैव दुबळ्यांच्या बाजूने उभी असे. तिचे हिंदी उच्चार तेवढे शेवटपर्यंत अडखळतच राहिले. प्रेक्षक त्याला हसत, पण ते हसू घरच्या माणसाला हसावे तसे होते.

यशानंतर वाडियांनी चाकोरी पक्की केली. १९३६ च्या ‘मिस फ्रंटियर मेल’ मध्ये नादिया आधुनिक शहरी मुलगी झाली आणि धावत्या आगगाडीच्या टपावर तिच्या मारामाऱ्या झाल्या. येथेही खुनाच्या खोट्या आरोपात अडकलेला बाप होताच. ‘लुटारू ललना’, ‘पंजाब मेल’, ‘डायमंड क्वीन’, ‘बंबईवाली’, ‘जंगल प्रिन्सेस’ असे चित्रपट एकामागून एक आले. जॉन कावस हा पिळदार शरीराचा नट तिच्या जोडीला असे, पण संकटातून सोडवण्याचे काम बहुधा तिच्याकडेच राही. ‘पंजाब का बेटा’ हा घोडा आणि ‘रोल्स-रॉइस की बेटी’ असे भारदस्त नाव मिळालेली खटारा मोटार ही या कुटुंबातली आणखी दोन लाडकी पात्रे. ‘जंगल प्रिन्सेस’ मध्ये तिने खऱ्या सिंहांबरोबर काम केले. ‘डायमंड क्वीन’ मध्ये स्त्रियांच्या शिक्षणाचा आणि स्वातंत्र्याचा उघड पुरस्कार होता. ठोसे आणि सुधारणा एकाच तिकिटात देण्याची ही वाडियांची पद्धत आज बाळबोध वाटेल, पण १९४० साली पडद्यावर हे बोलणाऱ्या नायिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

सुशिक्षित वर्तुळात मात्र स्टंटपटाला प्रतिष्ठा नव्हती. प्रभात आणि न्यू थिएटर्स यांच्या चित्रपटांची चर्चा चालत असे. ‘हंटरवाली’च्या वर्षीच पुण्याचा ‘धर्मात्मा’ आणि कलकत्त्याचा ‘देवदास’ आले होते. नादियाचा प्रेक्षक हा गिरणगावातला, निमशहरी तालुक्यांतला, तंबूतल्या खेळाला गर्दी करणारा. त्याने आपले मत कोठे लिहून ठेवले नाही. पण त्या गर्दीतली काही पोरे मोठी होऊन लिहिती झाली. गिरीश कर्नाड त्यांपैकी एक. १९८० साली नादियावर लिहिलेल्या लेखात त्यांनी आपल्या लहानपणीचा सर्वांत संस्मरणीय आवाज म्हणून तिच्या त्या आरोळीचाच उल्लेख केला. ती धैर्याचे, बळाचे आणि आदर्शाचे प्रतीक वाटत असे, असेही त्यांनी नोंदवले आहे. समीक्षकांनी जे वेळेवर लिहिले नाही, ते एका नाटककाराने चार दशकांनी लिहिले.

प्रतिष्ठेचा हा प्रश्न वाडियांच्या घरातही शिरला. जे. बी. एच. यांना वरच्या दर्जाचे चित्रपट हवे होते. साधना बोस यांना घेऊन त्यांनी १९४१ साली ‘राजनर्तकी’ काढला आणि त्याची इंग्रजी आवृत्तीही केली. स्टंटपटांवर जगणाऱ्या कंपनीला तो खर्च झेपला नाही. होमींनी वेगळे होऊन १९४२ मध्ये ‘बसंत पिक्चर्स’ काढली. त्याच सुमारास परळचा स्टुडिओ व्ही. शांताराम यांच्याकडे गेला आणि तेथे ‘राजकमल कलामंदिर’ उभे राहिले. नादियाने जेथे माणसे उचलून आपटली, तेथेच पुढे ‘झनक झनक पायल बाजे’ची सृष्टी नांदली, हे मुंबईकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. होमींनी १९४३ साली ‘हंटरवाली की बेटी’ आणला. पुन्हा तोच मुखवटा, तोच चाबूक, आणि प्रेक्षकांनी पुन्हा तशीच गर्दी केली.

होमी आणि नादिया यांचे प्रेम चित्रनगरीत कोणापासून लपलेले नव्हते. लग्नाला अडसर होता तो वाडिया घराण्यातील विरोधाचा. परधर्मीय, वयाने तीन वर्षांनी मोठी, एका मुलाची आई आणि त्यातून चित्रपटात काम करणारी स्त्री जुन्या पारशी घराला सून म्हणून मान्य होणे कठीणच होते. आईचे मन मोडायचे नाही, हे होमींनी ठरवले होते. जे. बी. एच. यांचा मात्र या दोघांना पाठिंबा होता. पडद्यावर वजिरांना आणि सरदारांना लोळवणाऱ्या या बाईने प्रत्यक्षात पाव शतक थांबणे पत्करले. दोघांचे लग्न झाले ते १९६१ साली, आई वारल्यानंतर. होमी तेव्हा पन्नाशीला पोचले होते आणि नादियाने ती ओलांडली होती.

स्वातंत्र्यानंतर स्टंटपटांचा बहर ओसरत गेला. होमी पौराणिक आणि जादूच्या कथांकडे वळले. १९५६ चा ‘हातिमताई’ त्यांनी गाजवला. ‘कार्निव्हल क्वीन’, ‘सर्कस क्वीन’ असे चित्रपट नादिया पन्नासच्या दशकात करीत राहिली, पण पूर्वीचा जोर त्यांत उरला नव्हता. १९६८ च्या ‘खिलाडी’ मध्ये साठाव्या वर्षी ती शेवटची पडद्यावर दिसली. नव्या पिढीला तिचे नाव माहीत नव्हते आणि जुन्या पिढीला ती हयात आहे हे माहीत नव्हते.

तिला पुन्हा प्रकाशात आणले ते घरच्याच मुलाने. जे. बी. एच. यांचे नातू रियाद विंची वाडिया यांनी १९९३ साली ‘फिअरलेस : द हंटरवाली स्टोरी’ हा माहितीपट केला आणि तो परदेशांतील महोत्सवांत दाखवला गेला. आपल्याकडे दुर्लक्षित राहिलेल्या या बाईला बर्लिनमधील प्रेक्षकांनी कुतूहलाने पाहिले. तिच्यावरचे पहिले सविस्तर चरित्रही डोरोथी वेनर या जर्मन लेखिकेने लिहिले. ‘रंगून’ हा विशाल भारद्वाजांचा २०१७ मधील चित्रपट आला तेव्हा त्यातली चाबूक आणि मुखवट्याची नायिका पाहून अनेकांना नादिया आठवली. त्याच्या पुढल्या वर्षी तिच्या ११० व्या जन्मदिनी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर तिचे चित्र झळकवले.

हे सारे पाहायला ती नव्हती. अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ९ जानेवारी १९९६ रोजी, मुंबईत तिचे निधन झाले. होमी वाडिया तिच्यामागे जवळजवळ नऊ वर्षे जगले. डिसेंबर २००४ मध्ये तेही गेले.