शाळा सुटल्यानंतरचे गुरुजी



जून महिना आला की आपल्या धर्मग्रामातील काही घरांत पेटी आणि वळकटी बांधायला सुरुवात होते. मुलगा बोर्डिंगला निघालेला असतो. आपण शाळेचा निकाल विचारतो, फी विचारतो, जेवण कसे असते तेही विचारतो. पण शाळा सुटल्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत मुले काय करतात, हे सहसा कोणी विचारत नाही. नाटक, गाणी, हस्तलिखित, गोष्टींची बैठक ही आपल्याला वेळ घालवण्याची साधने वाटतात. मुलगा अभ्यास सोडून नाटकात शिरला, अशी तक्रारही कानावर येते.

याच जून महिन्याच्या ११ तारखेला साने गुरुजींचा स्मृतिदिन असतो. ‘श्यामची आई’ लिहिणारे म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. पण त्याआधी ते एका वसतिगृहाचे गुरुजी होते. त्यांचे चरित्र आज आपण त्या बाजूने पाहू या.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, कोकणातील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. आई यशोदा हीच त्यांची पहिली शाळा. पुढे शिक्षणासाठी त्यांना घर सोडावे लागले. दापोली, मग औंध, मग पुणे अशी त्यांची वणवण झाली. परक्या गावी हाताने रांधायचे, कधी अर्धपोटी निजायचे, फाटके कपडे जपून वापरायचे, असे ते दिवस होते. २ नोव्हेंबर १९१७ रोजी आई वारली तेव्हा हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता. शेवटची भेट झाली नाही. ही खंत त्यांना जन्मभर पुरली. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला रात्री काय वाटते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पदवी घेतल्यावर ते तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. १९२४ साली ते तेथील हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथे राहत. गुरुजींनी छडी हातात घेतली नाही. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, विस्कटलेली अंथरुणे नीट लावीत, मळके कपडे धुऊन वाळत घालीत. कोणी आजारी पडला तर उशाशी बसत. सुरुवातीला मुलांना गंमत वाटली असेल, पण लवकरच लाज वाटू लागली आणि मुले स्वतःच खोली झाडू लागली. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी आपण दरवर्षी पाहतो. त्याचा अर्थ समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मात्र स्वच्छ खोली आणि पोटभर जेवण एवढ्याने वसतिगृहाचे काम पूर्ण होते, असे गुरुजींनी मानले नाही. मुलांचे मन रिकामे राहिले तर बाकी सारे व्यर्थ. म्हणून त्यांनी छात्रालयाचे एक दैनिक सुरू केले. छपाईला पैसे कुठून आणणार? ते हातानेच लिहिलेले असे. दिवसभर शिकवून झाल्यावर गुरुजी रात्री वाचीत बसत आणि मुलांसाठी मजकूर लिहून काढीत. त्यात देशातल्या घडामोडी असत, थोरांची चरित्रे असत, इतिहास आणि काव्याचा रसास्वाद असे. वर्तमानपत्र ज्यांच्या घरी कधी आले नाही, अशा मुलांना रोज एक ताजे पान वाचायला मिळू लागले. तेही आपल्याच गुरुजींच्या अक्षरातले. पुढे १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक सुरू केले. त्याचे मूळ या हस्तलिखितात होते.

शिक्षकाच्या पगारात या कामाचा एक पैसाही नव्हता. परीक्षेत त्याला एक गुणही नव्हता. तरीही त्या मुलांना पुढे आयुष्यभर आठवले ते हेच.

आपण कॅथोलिक भाविकांना येथे संत जॉन बॉस्को यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. इटलीतील कियेरी गावी शिकत असताना १८३२ च्या सुमारास त्यांनी सोबत्यांचे एक आनंदी मंडळ काढले होते. त्याचे नियम मोजके होते. ख्रिस्ती माणसाला न शोभणारे काही करायचे नाही, आपले कर्तव्य नीट पार पाडायचे आणि आनंदात राहायचे. पुढे धर्मगुरू झाल्यावर त्यांनी तुरिन शहरात अनाथ व गरीब मुलांचे वसतिगृह चालवले. तेथे बँड होता, गायन होते, मुलांची मंडळे होती. १८५६ साली संत डॉमिनिक साविओ याने आपल्या सोबत्यांना घेऊन तेथेच निष्कलंक मारियेच्या नावाने एक मंडळ स्थापन केले. आणि तेथे नाटकेही होत. १८५० पासून त्या राज्यात नवी मेट्रिक मापे लागू व्हायची होती. आपल्याकडे शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले तेव्हा आपली वडीलधारी माणसे जशी गोंधळली, तसेच तेथील लोक गोंधळले होते. तेव्हा डॉन बॉस्को यांनी त्या मापांवर संवाद लिहून १८४९ साली मुलांकडून ते रंगमंचावर करून घेतले. लोक हसले आणि हसता हसता हिशेबही शिकले. १८५८ साली त्यांनी या मुलांच्या नाटकांसाठी नियमही लिहून ठेवले. नाटकाने मुलांचे मनोरंजन व्हावे, त्यांना काही शिकायला मिळावे आणि त्यांचे वर्तन सुधारावे, हा त्यांचा हेतू होता.

एक इटलीतला संत, दुसरे कोकणात जन्मलेले शिक्षक. दोघांचे मार्ग निराळे, पण दोघांनीही मुलांची मोकळी वेळ आपली मानली.

त्याच काळात आपल्या भागातही असे काम चालू होते. आपली माकणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि मराठीतून शिकण्याची सोय फार थोडी होती. आपल्याच लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून प्रसिद्ध झालेले शिक्षक तेथे १९२९ साली आले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारा माणूस प्रथम आपल्या शेजारच्या गावात मुलांचा मास्तर होता, हे आपल्या मुलांना आपण सांगितले पाहिजे.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. छात्रालय सुटले, पण छात्रालयाची सवय तुरुंगातही सुटली नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. ती अठराही प्रवचने गुरुजींनी भराभर टिपून घेतली, म्हणून ती आज आपल्याला वाचायला मिळतात. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर आश्रमातली मुले-माणसे गोळा होतात आणि श्याम एकेका रात्री आईची एकेक आठवण सांगतो. वसतिगृहात राहिलेल्या माणसाला ती बैठक लगेच ओळखू येईल. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. शाळांच्या स्नेहसंमेलनांत श्याम आणि त्याची आई यांचे प्रवेश आजही होतात.

ज्याने मुलांची अंथरुणे उचलली, त्याला माणसे देवाच्या दारात अडवलेली पाहवेनात. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना बंद होते. गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण केले. दहाव्या दिवशी मंदिर सर्वांना खुले करण्याचा निर्णय झाला, तेव्हाच त्यांनी अन्न घेतले. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी गावातले बंद दार पाहिलेले आहे. त्यांना या उपोषणाचे मोल वेगळे सांगायला नको.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. निरनिराळ्या प्रांतांतील लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, म्हणून ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. पण गांधीजींची हत्या, देशातली भांडणे, स्वतंत्र भारतातही न हटलेले दारिद्र्य यांनी त्यांचे हळवे मन खचत गेले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते.

ही गोष्ट आपण लपवू नये आणि तिचा निवाडाही करू नये. अशा माणसांच्या तारणाविषयी आशा सोडू नका, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, असेच ख्रिस्तसभा आपल्याला शिकवते. शिवाय यात आपल्यासाठी एक सूचना आहे. शेकडो मुलांचे डोळे पुसणाऱ्या माणसालाही कोणीतरी जवळ बसून विचारपूस करणारे हवे असते. आपल्या शिक्षकांची, वॉर्डनची, सिस्टर व फादरांची विचारपूस आपण कितीदा करतो?

गुरुजींचे काम मात्र त्यांच्याबरोबर संपले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप आपल्या भागात कोणी विसरू शकत नाही. त्यात पोरक्या झालेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी आपल्याच जिल्ह्यात नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे केले. साने गुरुजींना आपले मानणारी ही मंडळी. अमळनेरच्या छात्रालयातली माया अशी आपल्या दाराशी येऊन पोहोचली.

मग आपण काय करावे? फार मोठे काही नाही. दिवाळी-नाताळच्या सुट्टीत मुलगा घरी आला की गुणांबरोबर हेही विचारू या की त्याने या वर्षी काय लिहिले, कोणते गाणे शिकला, नाटकात कोण झाला. मेंढपाळ झाला असेल तरी त्याला अंगणात उभे करून दोन वाक्ये म्हणायला लावू या. गावातल्या मुलांनी महिन्यातून एक हस्तलिखित पान काढून ते चर्चच्या फलकावर लावावे. त्यासाठी कागद आणि पेन एवढाच खर्च आहे. आणि मोठ्यांपैकी एखाद्याने रविवारी संध्याकाळी तासभर मुलांबरोबर बसायचे ठरवावे.

खरी अडचण या शेवटच्या गोष्टीत आहे. कागद-पेन मिळते, मुले तर तयारच असतात. तो तासभर देणारा माणूस मात्र आपल्यातूनच पुढे आला पाहिजे.