शेजारधर्माचे नगररचनाकार : पॅट्रिक गेडिस

दिवसा सोन्याचांदीच्या व्यवहाराने आणि रात्री खमंग पदार्थांच्या दरवळाने गजबजणाऱ्या सराफ्यातून आम्ही नित्य जातो. परंतु शंभर वर्षांपूर्वी या जुन्या इंदुराच्या गल्ल्याबोळांतून एक दाढीधारी स्कॉटिश विद्वान पायी हिंडत होता, हे आमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म १८५४ साली स्कॉटलंडमध्ये झाला. मूळचे ते वनस्पतिशास्त्रज्ञ. रोपट्याचा विचार मातीवाचून करता येत नाही, तसाच मनुष्याचा विचार त्याच्या परिसरावाचून करता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. विवाहानंतर पत्नी अ‍ॅना यांच्यासह ते एडिंबरो येथील जुन्या, गलिच्छ वस्तीत राहावयास गेले. शेजाऱ्यांना उपदेश करीत न बसता उभयतांनी झाडू व चुन्याची कुंची हाती घेतली. हळूहळू शेजारीही त्यांना येऊन मिळाले आणि त्या कळाहीन वाड्यांच्या खिडक्यांत फुलझाडे डोलू लागली.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. पुढे तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने इंदूरच्या नगररचनेचे कार्य त्यांच्यावर सोपविले. शहरावर तेव्हा प्लेगचे सावट होते. नकाशे घेऊन हिंडणाऱ्या या साहेबाकडे लोक भयाने व संशयाने पाहत. गेडिस यांनी सक्तीऐवजी दिवाळीचा आश्रय घेतला. जे मोहल्ले आपली घरे व गल्ल्या उत्तम झाडून दुरुस्त करतील, त्यांच्यातूनच मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. मग काय विचारता! वस्तीवस्तीत चढाओढ लागली आणि गाड्या भरभरून केरकचरा बाहेर पडला. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता. आणि ज्यांना समाज दूर ठेवी, ते सफाई करणारे बांधव शुभ्र वस्त्रे व फुले लेवून, नवे झाडू घेऊन सन्मानाने चालत होते. नागरिकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली.

१९१८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी, जुनी वस्ती सरसकट पाडू नये, कुशल शस्त्रवैद्याप्रमाणे अवश्य तेवढेच छेदावे, असा आग्रह धरला. १९१९ पासून त्यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन केले. १९३२ साली फ्रान्समध्ये त्यांचे देहावसान झाले.

२०१७ साली इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले, तेव्हा आम्हांस अभिमान वाटला. परंतु अभिमानाने गल्ली झाडली जात नाही. एका घरचे फावडे, दुसऱ्याचे घमेले आणि तिसऱ्याचे दोन हात एकत्र आले, म्हणजेच मोहल्ला उभा राहतो. गेडिस यांचे खरे स्मारक तेच होय.