अंगणात भरलेली शाळा

आमच्या वस्तीतल्या बालवाडीत मी आठवड्यातून तीन दिवस जाते. गेल्या जूनमध्ये तिथे चार वर्षांचा एक मुलगा आला. दुसऱ्याच्या हातात खेळणं दिसलं की हिसकायचा, नाही मिळालं की चावायचा. एक दिवस मी वैतागून त्याला दंडाला धरलं आणि दाराबाहेर उभं केलं. बाकीची मुलं एकदम चिडीचूप. मला वाटलं, जमलं! रात्री भांडी आवरताना मात्र ती भेदरलेली तोंडं डोळ्यांपुढून हलेनात. बी.ए.ला असताना ताराबाई मोडकांविषयी वाचलं होतं, ते पुन्हा काढून वाचलं.

ताराबाई माहेरच्या केळकर. जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजातले, त्यामुळे घरचं वातावरण सुधारकी. १९१४ मध्ये ताराबाई पदवीधर झाल्या. लग्न झालं, अमरावतीला संसार थाटला, पण तो टिकला नाही. लहान मुलीला घेऊन नवऱ्यापासून वेगळं राहायचं, तेही त्या काळात, म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. केवढी मानाची जागा! ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या.

गिजुभाई मूळचे वकील, पण माँटेसरीबाईंच्या पद्धतीने भारावलेले. त्यांच्याकडे मार नाही, धाक नाही, बक्षिसाचं आमिषसुद्धा नाही. इथे मी जरा चपापलेच, कारण लिमलेटची गोळी देऊन गप्प बसवणं हा माझा हातखंडा! माँटेसरी पद्धतीत एका प्रकारचं साधन वर्गात सहसा एकच असतं. ते दुसऱ्याने घेतलं असेल तर त्याचं होईपर्यंत थांबायचं, आपलं झालं की जागेवर ठेवायचं. कुणी डोळे वटारत नाही, तरी मूल थांबायला शिकतं. हिसकाहिसकीवरचा उपाय खेळणी ठेवण्याच्या रीतीतच होता, आणि मी मुलाचा दंड धरत होते.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे शिक्षणपत्रिकेचं संपादन, दादरचं शिशुविहार, असं ताराबाईंचं काम वाढत गेलं. पण ही महागडी साधनं शहरातल्या मुलांपुरतीच राहणार, हे त्यांना खुपत होतं. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला खेड्यात कामाला गेल्या. अनुताई वाघही तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. शिंपले, बिया, खडे, पानं हीच आता साधनं झाली.

बालवाडी तर काढली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. ताराबाई त्यांच्यावर चिडल्या नाहीत. शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली. मुलांना आधी आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. आपल्या रोजच्या बोलण्यातला अंगणवाडी हा शब्द तिथला! आपल्याला कुणी प्रेमाने हात लावतं, हे कळल्याशिवाय मूल दुसऱ्याला तरी काय जपणार?

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांसाठी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र, त्याचं नाव विकासवाडी. मोठी मुलं धाकट्या भावंडांना सांभाळायची म्हणून शाळा बुडवत, त्याला ही तोड होती. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर थेट कुरणात शाळा भरवली, ती कुरणशाळा. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. सरकारची अंगणवाडी योजना आली ती १९७५ साली, ती काही त्यांना पाहायला मिळाली नाही.

हे वाचल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेले. आई पहाटेच धुण्याभांड्याच्या कामाला जाते. तो उठतो तेव्हा ती घरात नसते. मी त्यांच्या ओट्यावर बसून त्याचे केस विंचरले. आधी अंग चोरून बसला, मग कंगवा स्वतःच हातात घेतला.

आता बालवाडीत ठोकळ्यांचा डबा एकच ठेवतो. दिवाळीनंतर तो दोनदा चावला, नाही असं नाही. पण परवा डबा दुसऱ्या मुलीकडे होता, तर हा शेजारी मांडी घालून बसला आणि तिचं झालं का, म्हणून चारचारदा विचारत राहिला.