विधवांच्या शाळेसाठी रमाबाईंनी अमेरिकेतून दहा वर्षांची मदत आणली, पण ती संपल्यावर काय याचा विचारही करून ठेवला

११ मार्च १८८९. मुंबईत चौपाटीजवळच्या एका घरात मुलींची शाळा सुरू झाली. नाव शारदा सदन. सुरुवातीला मोजून दोन विद्यार्थिनी, त्यातली एक गोदूबाई नावाची तरुण विधवा. घराचं भाडं, मुलींचं जेवणखाण, शिक्षकांचे पगार हा सगळा खर्च मात्र सातासमुद्रापारहून येणार होता.

आज परदेशी संस्था गरीब देशांत महिलांसाठी काम करतात, बाईच्या हातात पैसा आला की घर सावरतं असं सांगतात. पण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हे गणित एका मराठी बाईने अमेरिकन लोकांना समजावून सांगितलं होतं. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंना गरिबी पुस्तकातून कळली नव्हती. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. आईने तीच विद्या रमाबाईंना दिली. हे कुटुंब गावोगाव फिरून पुराणं सांगायचं आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं.

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. कष्टाच्या कामाची सवय नाही आणि भीक मागायची लाज. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता ही पदवी दिली.

पुढे भाऊ वारला. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. दीड वर्षही झालं नाही तोच १८८२ मध्ये कॉलऱ्याने तेही गेले. कडेवर वर्षाच्या आतली मनोरमा आणि पदरी वैधव्य.

त्या काळी उच्चवर्णीय घरातल्या विधवेचं आयुष्य काय होतं? आठ-दहा वर्षांची असताना लग्न व्हायचं. नवरा मेला की केस काढायचे, एकवेळ जेवायचं, घरातली पडतील ती कामं करायची. पुन्हा लग्न नाही, हातात पैसा नाही. घरातून बाहेर पडावं म्हटलं तर पोटाचं काय, हा प्रश्न होताच.

रमाबाईंनी नेमकं हेच हेरलं. बाईची दया करून भागणार नाही, तिला कमावता आलं पाहिजे. १८८२ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना मुलींसाठी स्त्री शिक्षिका हव्यात आणि बायकांना डॉक्टरकीचं शिक्षण मिळालं पाहिजे, अशी मागणी केली.

स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहून गेलं. तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि इकडे महाराष्ट्रात खळबळ उडाली.

१८८६ मध्ये त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभाला रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि तिथेच राहिल्या. बालवाडीची शिक्षणपद्धत शिकल्या, शाळा पाहिल्या, गावोगाव भाषणं दिली. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बॉस्टनमध्ये अमेरिकन रमाबाई असोसिएशन ही संस्था उभी राहिली. ठिकठिकाणी रमाबाई मंडळं निघाली. सभासदांनी दरवर्षी किमान एक डॉलर, असं दहा वर्षं द्यायचं ठरलं. कोण्या एका श्रीमंत माणसाच्या मर्जीवर काम चालणार नव्हतं. शाळेत धर्मप्रसार करायचा नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, हेही ठरलं.

म्हणजे पैसा अमेरिकेचा, पण शाळा कशी चालवायची हे रमाबाई ठरवणार.

१८९० मध्ये शारदा सदन पुण्यात आलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. मुली शिकत होत्या, काहीजणी शिक्षिका होण्याची तयारी करत होत्या. पण रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि काही मुली आपणहून तिथे येऊन बसू लागल्या. केसरीने टीकेची झोड उठवली. मुलींना येऊ देऊ नका, असा सल्लागारांचा आग्रह होता. रमाबाईंनी दार लावायला नकार दिला.

१८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. बॉस्टनच्या संस्थेने मात्र हात आखडता घेतला नाही.

त्याच वर्षी ११ मार्चला, म्हणजे शाळेच्या वर्धापनदिनीच, गोदूबाईंचं लग्न झालं. नवरदेव होते धोंडो केशव कर्वे. पुढे कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम आणि महिला विद्यापीठ काढलं, त्या घराची मालकीण शारदा सदनात शिकलेली होती.

रमाबाईंना आता दुसरी काळजी होती. अमेरिकेचं वचन दहा वर्षांचं होतं. अकराव्या वर्षी काय? म्हणून त्यांनी पुण्याजवळ केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळबाग लावली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा हिशोब होता.

पण बागेने जम बसवायच्या आत १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात पोरी भुकेने मरत होत्या, काही वाईट माणसांच्या हाती पडत होत्या. रमाबाईंना आपले आईवडील आठवले. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून सगळ्यांना केडगावला ठेवलं. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारांवर गेली.

इतक्या जणींना नुसतं बसवून खायला घालायचं नाही, हे रमाबाईंचं पक्कं होतं. कुणी शेती करायचं, कुणी गाईम्हशी सांभाळायचं. हातमाग होते, तेलाचा घाणा होता, शिवणकाम होतं. छापखाना बायकाच चालवायच्या. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जायचं.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. शारदा सदन धर्मापासून लांब ठेवायचं ठरलं होतं, मुक्ती मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. तिथे आलेल्या अनेकींनी धर्म बदलला. उपाशी पोरीला भाकरी देणाऱ्या हाताला नाही म्हणता येतं का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि मदतीचा विषय निघाला की आजही विचारला जातो. रमाबाईंचं मोठेपण सांगताना हा प्रश्नही सोबत ठेवावा लागतो.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्यावर त्या सगळं सोपवणार होत्या. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाईंनी केडगावला शेवटचा श्वास घेतला. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर मुक्तीच्या छापखान्यात छापलं गेलं. त्याचे खिळे जुळवणाऱ्या बायका कधीकाळी तिथे आश्रयाला आल्या होत्या.

केडगावची संस्था आजही सुरू आहे.