ज्ञानदानाचे कर्मयोगी : कर्मवीर भाऊराव पाटील

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने जैन परंपरेने श्रेष्ठ मानली आहेत. त्यांपैकी ज्ञानदानासाठी संपूर्ण आयुष्य वेचणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला.

विद्यार्थिदशेत ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उभारलेल्या वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी वसतिगृह सोडणे पत्करले. पुढील कार्याचे बीज तेथेच रुजले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह. साताऱ्यातील त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मुलांच्या अन्नासाठी सहधर्मचारिणी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू करून अण्णांनी ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणात आणले. विद्यार्थी शेतात राबत, बांधकामावर श्रम करीत आणि त्या मोबदल्यात शिकत. दारिद्र्यावरील उपाय एवढाच या श्रमाचा अर्थ नव्हता; ती शिक्षणाचीच पद्धती होती. स्वतःच्या घामाने मिळवलेल्या विद्येचे मोल विद्यार्थी जाणतो, आपण कशासाठी शिकतो याचे भान ठेवतो. हाताला कौशल्य, मनाला शिस्त आणि इतर जातींच्या सोबत्यांविषयी आपुलकी त्याला एकाच वेळी लाभते. मुख्य म्हणजे, साहाय्य घेताना त्याची मान खाली जात नाही.

१९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट्. ही पदवी, तर भारत सरकारने पद्मभूषण देऊन गौरविले. ९ मे १९५९ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

पुण्याच्या विद्यापीठाने पुढे कर्मवीरांच्याच नावाने ‘कमवा व शिका’ योजना चालविली. वारजे परिसरातील मुले-मुली ज्या महाविद्यालयांत जातात, तेथेही ग्रंथालयात वा कार्यालयात काही तास काम करून शिकणारे विद्यार्थी भेटतात. समाजातील प्रत्येक शिष्यवृत्तीला अशा स्वाभिमानी श्रमाची जोड मिळाली, तर ज्ञानदान खऱ्या अर्थाने सुफळ होईल. कर्मवीर अण्णांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!